भयकथेतील कोळी-समूह

भयकथेतील कोळी-समूह : असंख्य कोळी एका मनाने व एका इच्छेने माणसावर चालून येतात, या कल्पनेवर आधारलेला भयकथेचा एक विषय. येथे कोळी म्हणजे अष्टपाद वर्गातील, सूत निर्माण करणारा प्राणी अभिप्रेत आहे. या विषयात दोन भिन्न कल्पना एकत्र आलेल्या दिसतात : एक, कोळी या एकट्या, दबा धरून बसणाऱ्या शिकाऱ्याविषयीचे भय, आणि दुसरी, मधमाश्या, मुंग्या व वाळवी यांच्या वसाहतींवरून सुचलेली समूहमनाची कल्पना. पहिली फार जुनी आहे, तर दुसरी आपल्या आजच्या रूपात विसाव्या शतकात दृढ झाली. या दोहोंच्या संयोगाचा इतिहास पाहिला असता एक गोष्ट सातत्याने आढळते. अनेक शरीरांमागे कोणीतरी एक सूत्रधार असलाच पाहिजे, असे कथाकार गृहीत धरतो. ते स्थान प्रथम सैतानाने, मग चेटकिणीने आणि पुढे राक्षसी मेंदूने भरून काढले. प्रत्यक्ष समूहाने राहणाऱ्या कोळ्यांच्या अभ्यासात मात्र ते स्थान रिकामे आढळले आहे. या कोळ्यांपैकी एक जाती दख्खनच्या काटेरी माळरानांत राहते. त्यामुळे हा विषय महाराष्ट्राच्या दृष्टीने केवळ परदेशी कुतूहलाचा राहत नाही.

भारतीय परंपरा : प्राचीन भारतीय वाङ्‌मयात कोळी (ऊर्णनाभ) भयाचे प्रतीक म्हणून नव्हे, तर निर्मितीचे प्रतीक म्हणून येतो. कोळी स्वतःतूनच तंतू काढतो व पुन्हा आत घेतो, त्याप्रमाणे अक्षर ब्रह्मापासून विश्व उत्पन्न होते, असा दृष्टान्त मुंडकोपनिषदात आहे. भागवतपुराणाच्या एकादश स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यांत मधमाशी आहे, तसाच कोळीही आहे. या स्कंधावरील एकनाथांची विस्तृत मराठी टीका, म्हणजेच एकनाथी भागवत, १५७३ मध्ये वाराणसी येथे पूर्ण झाली व तिच्याद्वारे हा दृष्टान्त मराठी श्रोत्यांच्या परिचयाचा झाला. या परंपरेतील कोळी एकटा आहे. तो कर्ता आहे आणि जाळे ही त्याची कृती आहे. अनेकांच्या मागे एक सूत्रधार असतो हा विचार येथेही आहे. परंतु त्याची परिणती भीतीत होत नाही, तर विश्वाच्या एकत्वाच्या बोधात होते. घरातील जळमटे झाडून काढताना कोळ्याविषयी वाटणारी किळस व या दृष्टान्तातील आदर या दोन्ही वृत्ती मराठी घरांत शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत.

यूरोपीय कथेतील कोळी : यूरोपात कोळ्यांच्या थव्याचे भय कथारूपाने प्रभावीपणे मांडणारी महत्त्वाची कृती म्हणजे स्विस लेखक येरेमीआस गोटहेल्फ यांची डी श्वार्त्स श्पिन (१८४२, म. शी. काळा कोळी) ही दीर्घकथा. एका खेड्यातील गांजलेले शेतकरी सैतानाशी करार करतात आणि बाप्तिस्मा न झालेले मूल देण्याचे वचन मोडतात. करार करणाऱ्या स्त्रीच्या गालावर सैतानाने चुंबन घेतलेल्या जागी कोळ्याच्या आकाराचा डाग वाढत जातो व त्यातून असंख्य लहान कोळी बाहेर पडून गुरेढोरे मारतात. शेवटी ती स्त्री स्वतःच कोळी बनते. येथे थव्याला स्वतःचे मन नाही. गावाने केलेले पाप हेच त्याचे मन होय. ही कथा कोळ्यांची असली, तरी तिचा खरा विषय संकटात सापडलेला समाज आपला भार दुर्बलांवर कसा ढकलतो, हा आहे.

इंग्लंडमध्ये एम. आर. जेम्स यांनी द ॲश-ट्री (१९०४) या कथेत हीच रचना वेगळ्या प्रकारे वापरली. चेटकीण म्हणून फाशी दिलेल्या स्त्रीचा सूड एका जुन्या झाडाच्या पोकळीत वाढणाऱ्या मोठमोठ्या कोळ्यांच्या रूपाने, तिच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्याच्या घराण्यावर उगवतो. शरीरे अनेक, पण सूड घेणारी इच्छा एकच. याच सुमारास एच. जी. वेल्स यांची द व्हॅली ऑफ स्पायडर्स (१९०३, म. शी. कोळ्यांची दरी) ही कथा प्रसिद्ध झाली. एका ओसाड दरीत तीन घोडेस्वारांवर वाऱ्याबरोबर पांढरे, सुतासारखे गोळे तरंगत येतात आणि प्रत्येक गोळ्यात कोळी असतात. वेल्स यांच्या थव्यामागे सैतान नाही की शाप नाही. कोळी वाऱ्याने आणलेले आहेत, इतकेच. कथेतील खरी क्रूरता त्या संकटात माणसे एकमेकांशी जशी वागतात त्यात आहे. या विषयाच्या इतिहासात ही कथा अपवादात्मक ठरते, कारण तिच्यात सूत्रधाराची जागा लेखकाने जाणूनबुजून मोकळी ठेवली आहे.

वेल्स यांच्या कल्पनेस निसर्गाचा आधार होता. कोळ्यांची पिल्ले व लहान कोळी हवेत सूत सोडून वाऱ्यावर दूरवर जातात. चार्ल्स डार्विन यांनी बीगल जहाजावरील सफरीत १८३२ मध्ये किनाऱ्यापासून सु. ६० मैल अंतरावर जहाजाच्या दोरखंडांवर अशा असंख्य कोळ्यांचे आगमन नोंदविले होते. दक्षिण अमेरिकेतच त्यांना समूहाने राहणारे कोळीही आढळले व इतक्या हिंस्र, एकलकोंड्या प्राण्यात ही समूहवृत्ती असावी, याचे त्यांना आश्चर्य वाटले. त्यांच्या आधी स्पॅनिश निसर्गनिरीक्षक फेलिक्स दे आसारा यांनी पॅराग्वायमधील अशा कोळ्यांचे वर्णन केलेले होते.

समूहमनाची कल्पना : मोहोळ किंवा वारूळ हेच एक सजीव असून त्यातील कीटक हे त्याचे अवयव आहेत, हा विचार विसाव्या शतकाच्या आरंभी साहित्य व विज्ञान या दोहोंत प्रबळ झाला. बेल्जियन लेखक मॉरिस माटरलिंक यांनी मधमाश्यांवरील आपल्या ग्रंथात (१९०१) सर्व माश्यांस चालविणारी ‘मोहोळाची प्रेरणा’ वर्णिली. त्याच वर्षी वेल्स यांनी द फर्स्ट मेन इन द मून या कादंबरीत चंद्रावरील कीटकसदृश समाज व त्याचा प्रचंड मेंदूचा अधिपती रंगविला आणि १९०५ मध्ये द एम्पायर ऑफ द अँट्स या कथेत ब्राझीलमधील बुद्धिमान मुंग्यांची माणसावरील चाल वर्णिली. अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ विल्यम मॉर्टन व्हीलर यांनी १९११ मध्ये मुंग्यांची वसाहत हा एक जीवच होय, असा विचार शास्त्रीय भाषेत मांडला. ओलाफ स्टेपलडन यांच्या लास्ट अँड फर्स्ट मेन (१९३०) या कादंबरीतील मंगळवासी तर सूक्ष्म कणांचे ढगच असून एकत्र आल्यावरच त्यांना मन प्राप्त होते.

या काळात यूरोपात जनसमूहांचे राजकारण व एकाधिकारशाही यांचा उदय झाला, हेही लक्षात घ्यावयास हवे. वारूळातील मुंगी ही व्यक्तित्व गमावलेल्या माणसाची प्रतिमा बनली. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या स्टारशिप ट्रूपर्स (१९५९) या कादंबरीत या दोन्ही प्रवाहांचा संगम झाला. तिच्यातील शत्रू दिसावयास कोळ्यासारखे आहेत. पण त्यांची समाजरचना मुंग्यांची असून त्यांत राणी, कामकरी, लढवय्ये व सर्वांना चालविणारे मेंदू असे वर्ग आहेत. साम्यवादी समाजाशी त्यांची तुलना लेखकाने उघडपणे केली आहे. कोळ्याचे रूप व वारूळाचे मन यांची ही जोडणी पुढील कथा, चित्रपट व खेळ यांत रूढ झाली.

चित्रपटांत मुंग्यांच्या समूहबुद्धीवर आधारलेला फेज फोर (१९७४) व कोळ्यांच्या थव्यावरील किंग्डम ऑफ द स्पायडर्स (१९७७) हे उल्लेखनीय होत. दुसऱ्या चित्रपटात कीटकनाशकांमुळे नेहमीचे भक्ष्य नाहीसे झाल्याने मोठे केसाळ कोळी एकत्र येऊन एका गावावर चाल करतात. हे कोळी प्रत्यक्षात एकटे राहणारे आहेत. तथापि थव्याचे कारण शापात न शोधता माणसाच्या शेतीपद्धतीत शोधणे, हा या विषयातील महत्त्वाचा बदल होता. एड्रियन चायकोव्हस्की यांच्या चिल्ड्रन ऑफ टाइम (२०१५) या कादंबरीत कोळ्यांचा समाज भयाचा विषय न राहता सहानुभूतीचा विषय बनला.

दख्खनमधील समाजशील कोळी : जगातील कोळ्यांच्या ज्ञात जाती पन्नास हजारांहून अधिक आहेत. त्यांपैकी कायम एकत्र राहून, एकत्र जाळे विणून, एकत्र शिकार करून पिल्लांचे संगोपन करणाऱ्या जाती सु. २५ एवढ्याच आहेत. भारतीय उपखंडातील अशी प्रसिद्ध जाती म्हणजे स्टेगोडायफस सॅरासिनोरम. पाउल व फ्रिट्स साराझिन या स्विस संशोधकांनी श्रीलंकेत जमविलेल्या नमुन्यांवरून जर्मन शास्त्रज्ञ फेर्डिनांट कार्श यांनी १८९२ मध्ये तिचे वर्णन केले व त्या संशोधकांवरूनच तिला नाव मिळाले. आर. आय. पोकॉक यांचा ब्रिटिश भारतातील अष्टपाद प्राण्यांवरील ग्रंथ १९०० मध्ये प्रसिद्ध झाला. एन. एस. जंबुनाथन या भारतीय निरीक्षकाने या कोळ्याच्या सवयी व जीवनवृत्त यांविषयी लिहिलेला निबंध अमेरिकेतील स्मिथ्सोनियन संस्थेने १९०५ मध्ये प्रसिद्ध केला. वेल्स यांची बुद्धिमान मुंग्यांची कथा याच वर्षीची, हा योगायोग लक्षणीय आहे. इंग्लंडमध्ये कल्पिलेल्या समूहाची कीर्ती जगभर झाली; भारतातील झुडुपावर प्रत्यक्ष पाहिलेल्या समूहाची नोंद मात्र तज्ञांपुरतीच राहिली. पुढे भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाच्या पुणे येथील केंद्रात काम केलेले बी. के. टिकादर यांनी भारतीय कोळ्यांच्या अभ्यासाचा पाया विस्तृत केला. त्यांचा भारतीय कोळ्यांविषयीचा मार्गदर्शक ग्रंथ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला.

हा कोळी आकाराने लहान असून प्रौढ मादीची लांबी साधारणपणे १ सेंमी.हून कमी असते. बाभूळ, बोर यांसारख्या काटेरी झाडाझुडुपांवर किंवा कुंपणांवर तो सूत, वाळलेली पाने, काटक्या व भक्ष्याचे अवशेष यांचे गच्च घरटे बांधतो. घरट्यात आत बोगद्यांसारख्या वाटा असतात. बाहेरच्या बाजूस फांद्यांच्या आधाराने सुताचे पडदे ताणलेले असतात व ते भक्ष्य पकडण्यासाठी उपयोगी पडतात. या सुताला चिकट द्रव नसतो; लोकरीसारख्या अतिसूक्ष्म तंतूंमध्ये कीटकाचे पाय गुंततात. एका घरट्यात काही डझनांपासून कित्येक शेकड्यांपर्यंत कोळी असतात. त्यांत माद्यांचे प्रमाण फार मोठे असून नर थोडे असतात.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. पुणे–सोलापूर महामार्गावरील लोणी देवकर व आसपासच्या गावांत एकीकडे कालव्याच्या व उजनी जलाशयाच्या पाण्यावरील ऊस आणि दुसरीकडे कोरडे माळ, बाभळी व काटेरी कुंपणे असे दुहेरी दृश्य दिसते. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि या भागाचे रूप पालटले. समाजशील कोळ्याच्या वसतीस अनुकूल असतो तो यांपैकी दुसऱ्या प्रकारचा, कोरडा व काटेरी प्रदेश. भयकथेस धुक्याने वेढलेला वाडा किंवा घनदाट अरण्यच लागते, हा समज या संदर्भात अपुरा ठरतो. दुपारच्या उन्हात बांधावरील बाभळीवर लोंबणारे, वाळक्या पाल्याच्या गोळ्यासारखे दिसणारे घरटे हेच या विषयाचे खरे स्थळ होय. हा कोळी माणसास अपाय करीत नाही. उलट त्याच्या जाळ्यात अनेक उडते कीटक सापडतात.

समूहाचे मन : अशा घरट्यात राणी नसते, सेनापती नसतो आणि मुंग्यांसारखे जन्मजात वर्गही नसतात. मग काम कसे चालते? याचे उत्तर जाळ्यात आहे. कीटक अडकला की सुताला कंप सुटतो व तो जवळच्या कोळ्यांना जाणवतो. भक्ष्य मोठे असेल व बराच वेळ झटापट करीत राहिले, तर अधिक कोळी बाहेर येतात. लहान असेल, तर एकदोन पुरतात. कोणी कोणाला आज्ञा करीत नाही. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ प्येर-पॉल ग्रासे यांनी वाळवीच्या बांधकामाविषयी १९५९ मध्ये असे दाखवून दिले, की केलेले कामच पुढच्या कामाची प्रेरणा बनते. मातीचा गोळा ठेवला गेला, की त्याच्या शेजारी दुसरा गोळा ठेवला जातो. हाइनलाइन यांच्या कादंबरीतील आज्ञा देणारे मेंदू व ग्रासे यांचे मेंदूविना चालणारे बांधकाम ही दोन्ही एकाच वर्षीची असली, तरी समूहाविषयीची ती परस्परविरोधी उत्तरे होती.

बर्त्रां क्राफ्त यांनी गाबाँमधील समाजशील कोळ्यांवर केलेल्या अभ्यासातही जाळे व त्यातील कंप यांचे महत्त्व स्पष्ट झाले. फ्रेंच गियानातील ॲनेलोसिमस एक्झिमियस या जातीच्या कोळ्यांविषयी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात एक विलक्षण गोष्ट आढळली. भक्ष्याकडे जाताना हे कोळी सर्व मिळून एकदम चालतात आणि एकदम थांबतात. पाहणाऱ्यास हे एका मनाचे काम वाटेल. परंतु त्यामागचे कारण साधे आहे : चालणाऱ्या कोळ्यांच्या पावलांनीच जाळे थरथरते व भक्ष्याचा कंप त्यात बुडून जातो. तो पुन्हा जाणवावा म्हणून सर्वांना थांबावे लागते. नेत्याविना साधलेली ही शांतता कोणत्याही कल्पित आज्ञेपेक्षा अधिक थरारक आहे.

या समाजजीवनाची किंमतही मोठी आहे. पिल्ले घरट्यातच वाढतात व बहुधा घरट्यातल्या घरट्यातच प्रजनन होते. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या रक्तसंबंधातच मीलन होत राहून आनुवंशिक विविधता अत्यंत कमी होते. माद्या पिल्लांना आपल्या मुखातून अन्नरस भरवितात व शेवटी पिल्ले आपल्या आईलाच खाऊन टाकतात. आफ्रिकेतील एका निकटवर्ती जातीत, ज्यांना स्वतःची पिल्ले नाहीत अशा माद्याही या संगोपनात भाग घेतात व त्यांचाही शेवट तसाच होतो. पुष्कळ वसाहती काही पिढ्यांतच नष्ट होतात. कोळ्यांमध्ये समाजजीवन अनेकदा स्वतंत्रपणे उद्‌भवले. पण त्याचा विस्तार फारसा झाला नाही, याचे एक कारण येथे असावे, असे मानले जाते.

शास्त्रज्ञही या विषयाच्या मोहापासून पूर्णपणे मुक्त राहिलेले नाहीत. समाजशील कोळ्यांत धीट व भित्रे असे स्वभावभेद असून त्यांवरून कामांची वाटणी होते, असे सांगणारे अनेक निबंध २०१० नंतरच्या दशकात गाजले. त्यांपैकी कित्येक निबंध त्यांतील आकडेवारी विश्वसनीय नसल्याचे आढळल्यावरून २०२० पासून मागे घेण्यात आले. समूहात एक सुसंगत व्यवस्था दिसावी, ही इच्छा कथाकाराइतकीच वाचकात व अभ्यासकातही प्रबळ असते, हे यावरून दिसून येते.

प्रत्यक्षातील थवे व अफवा : कोळ्यांचे मोठे थवे निसर्गात दिसतात, पण ते बहुधा आपत्तीने एकत्र आणलेल्या एकट्या कोळ्यांचे असतात. सिंध प्रांतातील २०१० च्या महापुरात लक्षावधी कोळी पाण्यापासून बचावण्यासाठी झाडांवर चढले व झाडेच्या झाडे जाळ्यांनी झाकली गेली. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात २०२१ च्या पुरानंतर रस्त्यांच्या कडेचे गवत असेच पांढऱ्या चादरीखाली गेले. अल्बेनिया व ग्रीस यांच्या सीमेवरील एका गंधकयुक्त गुहेत सु. १,११,००० कोळ्यांचे एकसलग जाळे असल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील दोन्ही जाती एरवी एकट्या राहणाऱ्या असून गुहेतील विपुल माश्यांमुळे त्या एकत्र आल्या आहेत.

भारतातील सर्वांत गाजलेले प्रकरण आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यातील सादिया येथील होय. मे २०१२ मध्ये तेथे विषारी कोळ्यांच्या थव्याने लोकांवर हल्ला केल्याची वार्ता पसरली व दोन मृत्यू त्यामुळे झाल्याचे सांगितले गेले. तज्ञांनी तेथील कोळ्यांची पाहणी केली, तेव्हा ते एका मोठ्या केसाळ कोळ्याच्या प्रकारातील असावेत, असे दिसून आले. असे कोळी बिळात एकेकटे राहतात आणि थव्याने हल्ला करीत नाहीत. मृतांची शवपरीक्षा झालेली नव्हती. दंश झालेल्या काहींनी वैदूंकडे धाव घेतली होती व तेथे ‘विषारी रक्त’ काढण्यासाठी जखमा पात्यांनी कापण्यात आल्या होत्या. मृत्यूचे कारण कोळ्याचे विष की हे उपचार, हा प्रश्न तज्ञांनी उपस्थित केला. भयकथेतील सूत्रधाराची कल्पना पुस्तकाबाहेर आली म्हणजे काय घडू शकते, याचे हे गंभीर उदाहरण आहे. प्राण्यांच्या हालचालीमागे हेतू कल्पिला, की माणूस उपाय शोधण्याऐवजी शत्रू शोधू लागतो.

मराठी भयकथा : मराठीत भय, गूढ व अद्‌भुत यांना वाहिलेल्या कथेस विसाव्या शतकाच्या मध्यापासून बहर आला. अनंत अंतरकर यांनी चालविलेल्या हंस (१९४६), नवल यांसारख्या मासिकांनी या कथेस व्यासपीठ दिले. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी भयकथा व विज्ञानकथा हे दोन्ही प्रकार विपुल प्रमाणात हाताळले. अमानुष शक्तींशी झुंजणारा ‘समर्थ’ हा त्यांचा नायक लोकप्रिय झाला. स्टीव्हन किंग यांच्या सेलम्स लॉट (१९७५) या कादंबरीवर आधारलेल्या लुचाई या त्यांच्या कादंबरीत एक संपूर्ण गाव हळूहळू एका दुष्ट सत्तेच्या अधीन होत जाते. समूहाचे भय मराठीत रुजविणारी ही महत्त्वाची कृती होय. तिच्यातील थवा प्राण्यांचा नसून शेजाऱ्यांचा आहे. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी आपल्या कथांना ‘गूढकथा’ म्हटले व भयाचे मूळ बाह्य सृष्टीपेक्षा माणसाच्या मनात शोधले. मराठी विज्ञान परिषदेच्या (स्थापना १९६६) विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ मध्ये जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पारितोषिकपात्र ठरली आणि शास्त्रीय तथ्याशी प्रामाणिक राहणाऱ्या कथेस प्रतिष्ठा लाभली. धारपांच्या कथेपासून प्रेरणा घेतलेला तुंबाड (२०१८) हा राही अनिल बर्वे दिग्दर्शित हिंदी चित्रपट येथे लक्षणीय ठरतो. त्याच्या अखेरीस एकाच लोभी सत्तेची अनेक शरीरे प्रकट होतात आणि ती प्रकट होण्यास माणसाचा लोभच कारणीभूत झालेला असतो.

कल्पनेची घडण : कोळी-समूहावरील कथा रचताना लेखकास मुख्यतः चार गोष्टी ठरवाव्या लागतात : समूहाला मन कोठून आले, ते मन कसे कळते, समूहाला काय हवे आहे, आणि त्याचा शेवट कशाने होतो. रूढ कथेत यांची उत्तरे ठरलेली असतात. मन शापातून किंवा प्रयोगशाळेतून येते, ते एका महाकाय मादीच्या ठायी असते, त्याला माणसाचे भक्ष्य हवे असते व त्या मादीला जाळले की सर्व संपते. ही रचना सोयीची आहे, कारण तिच्यात एक शत्रू व एक विजय असतो. पण त्याच कारणाने ती लवकर शिळीही होते.

प्रत्यक्ष कोळ्यांच्या अभ्यासावर आधारलेली उत्तरे वेगळी आहेत. मन कोणा एकाच्या डोक्यात नसून ताणलेल्या सुतात आहे. म्हणून एका कोळ्याला मारून काहीच संपत नाही. ते मन कळते कंपातून. म्हणून कथेतील माणसाने धडपड केली, की अधिक कोळी बाहेर येतात आणि तो निश्चल राहिला, की जाळेही स्तब्ध होते. समूहाला सूड किंवा राज्य नको असून केवळ पुढच्या पिढीचे अन्न हवे आहे व ते अन्न म्हणून आईही चालते. समूहाचा शेवट बाहेरच्या आगीने होतो असे नाही. पुष्कळदा तो आतल्या एकसारखेपणानेच होतो. अशा कथेत भीतीचे केंद्र राक्षसाकडून व्यवस्थेकडे सरकते. कोणाचीही आज्ञा नसताना सर्वजण एकच गोष्ट कशी करतात, हा प्रश्न कोळ्यांपुरता मर्यादित राहत नाही. बाजारातील घबराट, जमावाचा हिंसाचार किंवा अफवेवर विसंबणारे गाव यांच्यामागेही पुष्कळदा कोणी एक सूत्रधार सापडत नाही.

वेल्स यांनी १९०३ मध्ये मोकळी ठेवलेली जागा बहुतेक लेखकांनी घाईने भरून टाकली. ती मोकळीच ठेवून कथा लिहिणे अधिक कठीण आहे. मात्र त्यासाठी लागणारी सामग्री दूरच्या ग्रहावर शोधावी लागत नाही. दख्खनच्या माळावरील काटेरी झुडुपांत, वाळक्या पाल्याच्या गोळ्याआड, ती उपलब्ध आहे.